हेल्परच्या जागेवर लेफ्ट विंगर

फुटबॉलच्या संघात अकरा माणसं खेळतात, हे मला नोकरीच्या सोळाव्या वर्षी कळलं. तोवर माझ्या लेखी ती वीस होती. वीस माणसं, वीस सेवापुस्तकं, वीस पगारश्रेण्या. हसू नका. आमच्या कारखान्याचा फुटबॉल संघ ज्या बाईने पाच वर्षं जुळवला, तिला ऑफसाइड म्हणजे काय ते आजही धड सांगता येत नाही. आमच्या ह्यांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी वरणाची वाटी लवंडली आणि आमच्या घरात तो विषय कायमचा मिटला.

पण संघ मी जुळवला हे खरं आहे, आणि चांगला जुळवला हेही खरं आहे. आता निवृत्त झाले, कोण काय वाकडं करणार? म्हणून छातीठोकपणे सांगते.

आम्ही मूळचे मराठवाड्याकडचे शेतकरी. वडील हैदराबादेत गौलीगुड्यात भुसार दुकानात कामाला आले ते इथलेच झाले. माझं लग्न होऊन मी अंबरपेठेत आले, म्हणजे माहेर-सासर दोन्ही एकाच बसच्या तिकिटात. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि बाकी सगळीकडे आपली हैदराबादी, 'हौ' आणि 'नक्को'वाली. नोकरी सरकारी कारखान्यात. विजेच्या मोठ्या मोटारी बनायच्या तिथे. मी आस्थापना विभागात, म्हणजे माणसांची नेमणूक, बढती, पगारवाढ, रजा, सगळं जिथल्या कपाटांत असतं तिथे.

बाहेरच्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. त्या काळी आमच्याकडे फुटबॉलपटूला फुटबॉलचे पैसे मिळत नसत, नोकरी मिळायची. बँका, रेल्वे, सरकारी कारखाने आपापले संघ बाळगून असत. पोरगा चांगला खेळतो म्हणून त्याला हेल्पर, फिटर, कारकून असं काहीतरी करून घ्यायचं. सकाळी सहाला मैदान, नऊनंतर खात्यात काम. आमच्याकडे अशा खेळाडूंचा वेगळा 'क्रीडा कक्ष' होता. त्यांचा पगार त्या कक्षाच्या नावावर पडायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं, कोणी आकडा विचारला नाही.

मग बाजार खुला झाला. आमच्या मोटारींसारख्याच मोटारी बाहेरून येऊन स्वस्तात विकायला लागल्या आणि वरच्या साहेबांना अचानक जाग आली. भरती बंद, ओव्हरटाइम बंद, कँटीनमधलं दुसरं सांबारसुद्धा बंद. त्याच लाटेत एक परिपत्रक माझ्या टेबलावर आलं. क्रीडा कक्षाच्या पगाराचा एकूण आकडा आज आहे तिथेच गोठवला. त्याच्या आत जुना काढा, नवा घ्या, काय करायचं ते करा, वर एक रुपया मिळणार नाही.

वाचून मला काहीच वाटलं नाही. गोठवला तर गोठवला! वाढवा कोण म्हणतंय? मग जुलै आला आणि माझी ट्यूब पेटली.

सरकारी नोकरीत दर जुलैला प्रत्येकाला एक वार्षिक वाढ आपोआप मिळते. म्हणजे संघ तोच, पाय तेच, गोल तेवढेच, पण दर जुलैला तोच संघ महाग! वीस माणसांच्या वीस वाढी बेरजेला बसल्या की आकडा फुटलाच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण शिवून पक्कं केलेलं आणि पाय दरवर्षी बोटभर वाढणारे. दर जुलैला कोणीतरी एक माणूस कक्षातून बाहेर काढून साध्या ड्यूटीवर पाठवायचा, तेव्हा बाकीचे आत मावणार. आणि कोणाला काढायचं त्याची टिप्पणी लिहायची मी, जिने आयुष्यात एक सामना पाहिला नव्हता.

पहिल्या जुलैला मी सरळ हिशेब केला. संघात दोन गोलकीपर होते. गोल एक, मग राखायला दोघं कशाला? एकाला काढला, स्टोअर्समध्ये पाठवला, आकडा बसला. मी खूश, फायनान्सचे मूर्ती साहेब खूश. तीन आठवड्यांनी उरलेल्या गोलकीपरचं बोट मोडलं. कक्षाबाहेर गेलेला संघात खेळवता येत नसे, म्हणून उजव्या बगलेच्या खेळाडूला हातमोजे घालून गोलात उभा केला आणि आमच्यावर पाच गोल झाले.

दुसऱ्या दिवशी कोच वाहेद साहेब ऑफिसात आले. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे, चाल अजून विशीतली. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, कल पाच गोल हुए. गोलकीपर का कुसूर नै, डिफेन्स का कुसूर नै. पाचों तुम्हारे कलम ने खाए."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी काय कमी? म्हटलं, "वाहेद साहेब, मला फुटबॉल येत नाही. तुम्हाला पगारश्रेणी येत नाही. बसा. तुम्ही मला शिकवा, मी तुम्हाला शिकवते."

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. दर शनिवारी ते माझ्या टेबलाशी बसायचे. कोणत्या जागेला किती धावावं लागतं, कुठे अनुभव लागतो, कुठे नुसता दम लागतो, ते मी लिहून घ्यायची. आणि मी त्यांना सांगायची की कप्तान यादगिरी हा प्रशिक्षित फिटर, त्याची श्रेणी वरची, तो एकटा दोन हेल्परांच्या पगाराला बसतो. ते डोक्याला हात लावायचे. "मेरेकू सेंटर हाफ होना बाई, तुम मेरेकू ग्रेड बताते!" पण हळूहळू त्यांनाही गोडी लागली. मोक्याच्या तीन जागांवर महागडी जुनी माणसं आणि बाकी सगळीकडे स्वस्त तरणे पाय, असा आमचा मंत्र ठरला. अहो, काय मजा यायची! लग्नाच्या पंगती बसवाव्यात तशी मी नावं इकडून तिकडे हलवत असायची, आणि बेरीज बसली की दोघंही टाळी द्यायचो.

दुसऱ्या जुलैला मात्र बेरीज काही केल्या बसेना. वाहेद साहेबांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाई, मेरे पगार में कित्ते बच्चे आते?"

कोच म्हणून तेही क्रीडा कक्षातच होते आणि सगळ्यांत जुने म्हणून सगळ्यांत महाग. मी म्हटलं, "तीनाला थोडे कमी."

"तो मेरेकू निकालो."

मी बघतच राहिले. पण ते ठरवूनच आले होते. ते स्टोअर्समध्ये गेले, त्यांचा पगार स्टोअर्सच्या नावावर पडू लागला. कोचचा भत्ता गेला, दुपारची सवड गेली. सकाळी सहा ते साडेसात शिकवायचे आणि आठला जाऊन खिळे-बोल्ट मोजायचे. त्या मोकळ्या झालेल्या जागेत गोलकीपर परत आला आणि एक बचाववाला पोरगा आला. त्या वर्षी आम्ही लीगमध्ये चौथे आलो. तोपर्यंत सातव्याच्या वर कधी गेलो नव्हतो!

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या जुलैला एका महागड्या जुन्या खेळाडूला खात्यात पाठवलं आणि आकड्यात बरोबर एका हेल्परची जागा उरली. वाहेद साहेबांना डाव्या बगलेने धावणारा माणूस हवा होता. चाचणीला तीसेक पोरं आली. संध्याकाळी ते धापा टाकत वर आले, हातात चिठ्ठी. "मिल गया बाई! ऐसा लेफ्ट विंगर मैं बीस साल में नै देखा."

त्याचं नाव श्रीनिवास, सगळे श्रीनू म्हणायचे. वय बावीस. विद्यानगरला दोन मित्रांबरोबर खोली करून राहायचा. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून त्याने अर्ज भरला, मोत्यासारखं अक्षर. मी वरून वाचत खाली आले आणि शिक्षणाच्या रकान्यात थबकले. इलेक्ट्रिकल डिप्लोमा, पहिला वर्ग. प्रमाणपत्र सोबत.

झालं! आमच्या नियमात डिप्लोमावाल्याला हेल्पर करता येत नसे. त्याला तंत्रज्ञाचीच श्रेणी द्यावी लागे आणि तंत्रज्ञ माझ्या आकड्यात मावत नव्हता. तेच पोरगं दहावी असतं तर डोळे मिटून घेतलं असतं. शिकलेला पाय आम्हाला परवडत नव्हता, बघा काय दिवस होते. मी तीनदा बेरीज केली. चौथ्यांदा कोणाला काढता येईल का पाहिलं. बाहेर बाकावर वाहेद साहेब बोटं मोडत बसलेले मला दिसत होते.

मी श्रीनूला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मेडम, खेलने मिलता ना? तो झाडू मारने लगाओ, चलता."

आणि मग मी जे बोलले ते मीच बोलले, दुसऱ्या कोणी माझ्या तोंडात घातलं नाही. मी म्हटलं, "मग हे प्रमाणपत्र घरी विसरून आलास असं समज. नवा अर्ज घे आणि शिक्षण दहावी लिही."

त्याने लिहिलं. मी त्याखाली 'मूळ प्रमाणपत्रं तपासली' असं लिहून सही केली. पहिला अर्ज खरं तर तिथल्या तिथे फाडायला हवा होता. दोनदा हातात धरला. पण सतरा-अठरा वर्षं कागद जपायचंच काम केलेल्या बाईला कागद फाडवतो होय? एका पाकिटात घातला, वर त्याचं नाव आणि तारीख घातली आणि माझ्या कपाटात ग्रॅच्युइटीच्या जुन्या फायलींखाली ठेवला. गुन्हासुद्धा मी व्यवस्थित नोंदवून केला, आता काय म्हणावं!

श्रीनूला वाइंडिंगच्या खात्यात दिलं. तिथे मोटारींवर तांब्याची तार गुंडाळतात. हा तारेची रिळं उचलून द्यायचा. एकदा एका जुन्या कारागिराने गुंडाळी चुकवली. ह्याच्याने राहवलं नाही, याने बोट दाखवलं. फोरमनने विचारलं, "हेल्परला रे हे कसं कळलं?" तर हा म्हणतो, "मेरा मामू वाइंडर है साब." ते माझ्या कानावर आलं. संध्याकाळी गेटवर गाठून त्याला म्हटलं, "चुकू दे त्यांना! मोटार जळली तर जळू दे, तू तोंड उघडू नकोस." तो हसला. त्याला सगळ्याचं हसूच यायचं.

पण मैदानावर! त्याच्या दुसऱ्या मोसमात आम्ही लीगच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर एका मोठ्या बँकेचा संघ. त्यांना आकड्याचं बंधन नव्हतं, तिघं तर अधिकाऱ्याच्या श्रेणीत होते. वाहेद साहेब म्हणाले, "बाई, जिनकू तुम जोडे, उनकू एक बार देखो तो सही." मग मी ह्यांना घेऊन गेले. आयुष्यातला पहिला सामना, वय चव्वेचाळीस.

काय सांगू तुम्हाला! खाली मैदानात माझी सेवापुस्तकं धावत होती हो! तो हेल्पर, तो ओझी उचलणारा खलाशी, तो यादगिरी फिटर वरची श्रेणी. श्रीनूने पहिल्याच दहा मिनिटांत बँकेच्या अधिकाऱ्याला असा चकवला की तो अधिकारी बसलाच जमिनीवर. मी उठून ओरडले, "हेल्पर आहे तो, हेल्पर!" आजूबाजूचे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांनी पदर ओढून खाली बसवलं. थोड्या वेळाने आमचा गोल झाला, मी पुन्हा नाचले. तर म्हणे ऑफसाइड, गोल नाही. मी ह्यांना विचारलं, "का नाही?" हे म्हणाले, "आता इथे वाट्या कुठून आणू?"

मध्यंतरानंतर बँकेने एक गोल केला.  बाकावर बदली आघाडीवाला एकही नव्हता, कारण तो मला परवडला नव्हता. पोरं दमलेली दिसत होती आणि मला एकेक काढलेलं नाव आठवत होतं. शेवटी यादगिरीने मध्यावरून लांब चेंडू मारला, श्रीनूने तो पळता पळता आत घेतला आणि गोलकीपरच्या अंगावरून असा काही वर उचलून टाकला की जाळीत पडेपर्यंत कोणाच्या तोंडून आवाज निघाला नाही. आणि मग जो निघाला! एकास एक. वेळ संपत आलेली. पुन्हा श्रीनू, पुन्हा डावी बाजू. मी काय ओरडत होते देव जाणे, हे सांगतात की "अरे दे ना, दे ना त्याला, बाजूला मोकळा आहे तो!" असं मी मराठीत ओरडत होते. श्रीनूने खरंच दिला. यादगिरीने डोकं लावलं. दोन!

वाहेद साहेब मैदानात मधोमध बसून रडत होते. नंतर माझ्याजवळ आले, माझ्या दोन्ही हातांत त्यांची शिट्टी ठेवली. मी घरी येईपर्यंत रिक्षात हसत होते आणि रडत होते. तसा आनंद मला माझ्या स्वतःच्या बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

करंडक ऑफिसच्या काचेच्या कपाटात येऊन सहा महिने झाले नाहीत तोच दुसरं परिपत्रक आलं. क्रीडा कक्ष बंद. आता आकडाच नाही, कक्षच नाही. ज्या खेळाडूंच्या पात्रतेची जागा खात्यात रिकामी असेल त्यांना तिथे घ्यावं, बाकीच्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. स्वेच्छा कसली, डोंबलाची! यादगिरी फिटर होता, त्याला जागा मिळाली. हेल्परच्या जागा मात्र कारखान्याने सरसकट रद्दच केल्या होत्या. म्हणजे ज्यांना मी स्वस्त म्हणून घेतलं होतं ते सगळे आधी बाहेर. सात जण होते. त्यांतल्या सहांना मी स्वतः फॉर्म दिले. आजही बाजारात त्यांच्यातला कोणी भेटला आणि "कैसे हैं मेडम" म्हणाला की मी पिशवीतली भाजी नीट करायला लागते, वर बघवत नाही.

सातवा श्रीनू. वाइंडिंगमध्ये तंत्रज्ञाच्या जागा रिकाम्या होत्या, नव्या खाजगी ऑर्डरी आल्या होत्या आणि पात्रता होती इलेक्ट्रिकल डिप्लोमा. त्या पोराने मला न विचारता डिप्लोमा जोडून अर्ज टाकला. अर्ज सरळ मूर्ती साहेबांच्या टेबलावर, कारण या अर्जांची छाननी आणि चौकशी त्यांच्याकडेच दिली होती. त्यांनी त्याची फाइल मागवली, तीत दहावी. आठवड्यात आरोपपत्र निघालं. नोकरीत येताना पात्रता लपवली, शिक्षा बडतर्फी. बडतर्फ झालेल्या माणसाला स्वेच्छानिवृत्तीचा रुपयाही मिळत नाही आणि पुढे कोणत्याच सरकारी कारखान्यात उभं करत नाहीत.

श्रीनूने लेखी उत्तर दिलं. ते माझ्याच टेबलावरून पुढे गेलं. 'मी स्वतःहून लपवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.' खाली तीच मोत्यासारखी सही.

माझी पाचावर धारण बसली. मी गप्प बसले असते तर माझ्या केसालाही धक्का लागला नसता. वाहेद साहेबांना सगळं माहीत होतं. ते येऊन हळूच म्हणाले, "बच्चा अपने ऊपर ले लिया बाई. तुम चुप बैठो. तुम्हारी बेटी का कॉलेज होना है." खरं सांगते, दोन दिवस मी गप्प बसलेही. जेवण जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "तो पहिला कागद आहे अजून?"

"आहे."

"मग मला कशाला विचारतेस?"

चौकशी कॉन्फरन्सच्या खोलीत होती. मी चिठ्ठी पाठवली की मला साक्ष द्यायची आहे. श्रीनू भिंतीकडच्या खुर्चीवर बसला होता. मला बघून त्याने मान हलवली, नक्को, नक्को. मी पाकीट काढून मूर्ती साहेबांपुढे ठेवलं. साहेब शिस्तीचा माणूस, आवाज कधी चढायचा नाही. ते इंग्रजीतून बोलायचे, इथे मराठीत सांगते.

त्यांनी पहिला अर्ज वाचला, तारीख पाहिली, दुसऱ्या अर्जाशेजारी लावला. "मिसेस जाधव, हे काय आहे?"

"साहेब, उमेदवाराने डिप्लोमा लपवला नव्हता. त्याने लिहिला, दाखवला. मी परत केला. दुसरा अर्ज मी भरून घेतला. खाली सही माझी आहे."

"का केलंत?"

मी सरळ सांगितलं, "तुमच्या आकड्यात हेल्पर बसत होता साहेब, आणि संघाला हा हवा होता."

"तुम्हाला काय होईल ते कळतंय?"

"शिक्षेची टिप्पणी मीच टाइप करते साहेब. कळतंय."

त्यांनी पाकिटावरचं नाव आणि तारीख बोट लावून तपासली. मग म्हणाले, "हा तुम्ही तेव्हाच फाडून का टाकला नाहीत?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही फाडला असता?"

मूर्ती साहेबांनी चष्मा काढून पुसला. पंचवीस वर्षं हिशेब खात्यात काढलेला माणूस! मग त्यांनी कागद पुन्हा पाकिटात घालताना कोपरा दुमडणार नाही असा जपून घातला.

निकाल लागायला दोन महिने गेले. श्रीनूवरचा आरोप रद्द, तंत्रज्ञ म्हणून नेमणूक, पगार आजपासून, मागची वर्षं गेली ती गेली. माझ्या दोन वाढी कायमच्या कापल्या आणि मला आस्थापनेतून उचलून गेटजवळच्या टाइम ऑफिसात टाकलं, जिथे कामगारांची हजेरीची कार्डं असतात. वाढी गेल्या त्या आजही पेन्शनमध्ये दिसतात. मला त्याचं दुःख नाही. मी एक माणूस वाचवला, दोन वाढींत वाचवला, स्वस्तात पडला, असं मी वाहेद साहेबांना फुशारकीने सांगितलं. ते म्हणाले, "हौ बाई, तुमकू सस्ता माल पहचानना आ गया." टाइम ऑफिसातल्या पहिल्या दिवशी मी पेढे नेले होते, शिक्षेवर आलेली बाई पेढे वाटतेय म्हणून लोक चक्रावले.

श्रीनू रुजू व्हायला आला तेव्हा त्याचं कार्ड मीच लिहिलं. नवा खाकी शर्ट, खिशाला पेन. मी पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि कार्ड दिलं. त्याने आपलं नाव आणि त्याखालचं 'तंत्रज्ञ' वाचलं आणि हसला.

"शिफ्ट कौनसी मेडम?"

"सकाळची. सहाला कार्ड पंच करायचं, मिनिटभर उशीर नको."

"छे बजे?"

"सहा म्हणजे सहा."

तो मग काचेतून समोर बघायला लागला. गेटपलीकडे आमचं मैदान होतं, गोलाचे खांब अजून काढले नव्हते.

"छे बजे तो खेलने का टाइम है, मेडम," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलणार होते. दोनला सुट्टी होते, मग मोकळाच आहेस, असलं काहीतरी.  अडीच वर्षं त्या पोराने रिळं उचलली, चुकलेल्या गुंडाळ्या बघून तोंड शिवलं. हे सगळं त्याने नोकरीसाठी केलं असं मी धरून चालले होते. आणि मी जीव तोडून त्याची नोकरीच वाचवली होती.

त्याने पेढा तोंडात टाकला, हात पँटला पुसला आणि कार्ड पंच केलं.